लोकरीनं बांधलेली कळी

"दिवस मावळायच्या आत कळी बांध आणि पहाटे मधमाशीच्या आधी पोच."

आत्याबाईंचा हा आवाज बागेत पाऊल टाकताच कानाशी येतो. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात त्या काटे तपासायच्या, आणि मागच्या मोकळ्या जागेत राक्षसी भोपळे वाढवायचं वेड सगळ्यांना त्यांनीच लावलं. दरवर्षी उत्तम भोपळ्याचं बी धरायचं, त्या वेलीला तिचाच पराग द्यायचा. असं करत करत त्यांनी एक फिकट, चंद्राच्या रंगाचा वाण स्थिर केला. मग गुडघ्यांनी दगा दिला. अंथरुणावरून त्यांनी शेवटचं बी माझ्या तळहातावर ठेवलं. "वंश बिघडू देऊ नकोस गं." मी हो म्हटलं.

बागेची व्यवस्था आता कारखान्याच्या फोरमनकडे होती. त्यांचं आणि आत्याबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "घरातल्या घरात किती लग्नं लावणार? वाण खंगतो," ते म्हणायचे. "माझ्या वेलीचा पराग द्या, मग बघा, आपलाच काटा कमी पडेल!"

"आणि पुढची पोरं कुणाच्या वळणावर जातील?" असं आत्याबाईंचं उत्तर मी पोचवायची.

आमच्या वेलीच्या आधीच्या मादी कळ्या गळून गेल्या. थंडी तोंडावर आलेली. एकच उरली होती, खाली सुपारीएवढं फळ धरून. मधमाशीनं परका पराग आणू नये म्हणून संध्याकाळी मी तिचं तोंड लाल लोकरीनं बांधलं. शेजारची नर कळीही बांधली.

जाग आल्यापासून सूर्य छपरावर येईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं हे व्रत बाळंतपणाच्या कळांतही मोडलं नव्हतं. त्या मौनात बाग निराळीच भासते. पानांखाली भोपळे गाईंसारखे बसलेले, धुकं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत जातं, आणि कान लावला तर आतून कुणीतरी संथ श्वास घेतंय असं वाटतं.

त्या पहाटे धुक्यात फोरमन आधीच उभे होते. हातात त्यांच्या वेलीचं नर फूल, पाकळ्या काढलेलं. दुसऱ्या हाताची बोटं माझ्या लाल गाठीवर.

मी धावत जाऊन कळीवर तळवा धरला.

"ताई, एकदाच करून बघू. एवढं काय त्यात?"

मी मान हलवली.

"तुमचं मौन मला ठाऊक आहे. पण तोंडानं नाही म्हटलं नाहीत, तर मी हो समजेन हं!" ते हसत होते, पण गाठ सुटत आली होती. पाकळीची पिवळी कड बाहेर डोकावली. वर कुठेतरी मधमाशी गुणगुणली.

मी देवाकडे पाहिलं. म्हणजे आभाळाकडे.

"नाही," मी म्हटलं.

माझाच आवाज मला परका वाटला. फोरमनचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत पहाटे त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. त्यांनी आपलं फूल खिशात घातलं, वाकून आमच्याच वेलीचं बांधलेलं नर फूल खुडलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पराग लावला, गाठ पुन्हा बांधली. तेवढ्यात डोळे भरून आले.

"रडू नका हो. माझ्यामुळे मोडलं ना? उद्याचं मौन मी पाळतो, तुमच्या वाटचं."

एव्हाना छपरावर ऊन आलं होतं, म्हणून मला बोलता आलं. "तुम्ही? तुम्ही झोपेतही बोलता म्हणे. वहिनीच सांगतात."

"ती काय, काहीही सांगते!"

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ माझा हात धरून ठेवला. "एका शब्दानं देव रुसत नाही गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या पहाटे फाटक ढकललं तर फोरमन पाण्याच्या झारीशी उभे. मला पाहताच सवयीनं तोंड उघडलं, पटकन मिटलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग झारी उचलून, पानं चुकवत, लाल लोकरीच्या दिशेनं ते धुक्यात चालू लागले.