पार्वताबाईंकडून काहीही नाही

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, छापलं: 'वस्तू किंवा रोख, कोणताही आहेर घेतला जाणार नाही.' एक्याण्णव साली पिंप्राळ्यात असं छापणं म्हणजे 'जेवण मिळणार नाही' छापण्यासारखंच होतं. प्रेसवाल्यानं दोनदा विचारून घेतलं.

याचं कारण चिंधाभाऊ, नानांचे वर्गमित्र. आदल्या वर्षी एका लग्नात माइकवर आहेर पुकारत होते. "मोहनलालशेठ, पाचशे एक!" टाळ्या. लगेच, "चिंधाभाऊ, पाच रुपये!" मंडप असा गप्प झाला की आचाऱ्याच्या कढईतली चर्र ऐकू आली. चिंधाभाऊ चपला घालून निघाले ते न जेवताच. नानाही ताटावरून उठले. वांग्याची भाजी टाकून उठणारे नाना मी तोवर पाहिले नव्हते.

आमच्या लग्नात माइक माझ्याकडे होता. पुकारायला आहेर नसल्यामुळे मी हरवलेल्या चपला जाहीर करत होतो.

तेवढ्यात कापडण्याची पार्वताआत्या आली. कडेवर तांब्याचा भला मोठा हंडा. एसटीत तिनं त्याला खिडकीपाशी बसवलं होतं; कंडक्टरनं मुकाट्यानं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

आमच्याकडे भाचीला हंडा आत्याचाच. त्यात नानांची आई गेल्यावर त्यांना वाढवलं तेही हिनंच. तिचा हंडा परत पाठवणं म्हणजे तिलाच दारातून परत पाठवणं. आणि ठेवून घेतला, तर मंडपातली सगळी पाकिटं बाहेर निघणार. कोपऱ्यात बसलेल्या चिंधाभाऊंनी हंडा बघताच खिसा चाचपला. नानांनी ते पाहिलं.

"अक्का, पत्रिका पोचली ना?"

"पोचनी. आहेर आनानं नही," आत्या म्हणाली. "मी कोठे आना? हाऊ लाडूसना डबा शे."

"एवढा डबा?"

"वऱ्हाड कितलं शे, दख ना!"

झाकण काढलं. खरंच लाडू होते, काठोकाठ. नाना गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर असलं की ते मार्क कापत नाहीत.

"बरं. लाडू पंगतीत वाढू. हंडा तेवढा रिकामा करून घेऊन जा."

"रिकामं भांडं कोनी परत करस का, भाऊ?"

नाना उगाच मांडवाचा खांब हलवून बघू लागले.

आत्या थेट माझ्याकडे आली. "मनं नाव पुकार."

"आत्या, पण आहेर नाही ना..."

"मंग जे दिधं तेच सांग. काहीच नही."

मी घसा साफ केला. "कापडण्याच्या पार्वताबाईंकडून, भाचीला, काहीही नाही!"

टाळ्या पडल्या. आत्यानं पदर सावरून सगळीकडे नमस्कार केला.

मग चिंधाभाऊ उठले. ते माइकपाशी आले आणि हळूच म्हणाले, "माझंबी पुकार."

"चिंधाभाऊंकडून, काहीही नाही!"

एवढ्या टाळ्या नवरदेवालाही पडल्या नव्हत्या. मागोमाग रांग लागली. मोहनलालशेठ रांगेत नीट उभे राहिले आणि कानात म्हणाले, "माझं जरा मोठ्यानं." मी त्यांचंही 'काहीही नाही' चिंधाभाऊंइतकंच मोठ्यानं पुकारलं, एक रुपयाही जास्त नाही.

पाठवणीच्या वेळी नाना हंडा घेऊन जीपपाशी आले. निम्मे लाडू त्यांनी मुद्दाम राखून ठेवले होते.

"हा आहेर नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शिदोरी आहे. पोरीला उपाशी पाठवतात का कुणी?"

आत्या म्हणाली, "तेच त मी कवयनी सांगी ऱ्हायनू." आणि डोळे पुसले.

हंडा जड होता. दुसऱ्या बाजूनं चिंधाभाऊंनी हात लावला. बोलले मात्र काही नाहीत. तोंडात लाडू होता. त्या दिवशी ते दोन पंगतींना बसले होते.