सटवाईपुढचा सरकारी कागद

समोर बाई उभी असली की भगवंतराव तिच्याशी बोलायचे नाहीत, कागदाशी बोलायचे. त्यांची ही खोड रुक्मिणीबाईंना पहिल्याच दिवशी झोंबली होती. दवाखान्याच्या कमिटीचे सेक्रेटरी झाले म्हणून काय मान मोडली होती त्यांची?

"अर्ज बंद झाला," ते कागदाला म्हणाले.

"काऊन बंद झाला? माही सून बरी झाली का?"

अर्जाचं काय झालं, एवढंच विचारायला त्या उंद्रीहून बैलगाडीनं आल्या होत्या. सून कोकिळाला नववा महिना लागला तेव्हा डोळे आले म्हणून तिला इथं आणलं. किसनराव कंपाउंडरनं भलत्याच बाटलीतलं जळजळीत औषध तिच्या डाव्या डोळ्यात टाकलं, वर उरलेलं बाटलीसकट घरी न्यायला दिलं. डोळा पांढरा पडला तो पडलाच. रुक्मिणीबाईंनी तक्रारीवर अंगठा उठवला. मागणं एवढंच, की या माणसाच्या हाती औषध देऊ नका. आणि आजही बाहेर ओट्यावर आठ-दहा माणसं डोळे चोळत त्याच किसनरावची वाट पाहत बसली होती.

"तुम्हाला नोटीस गेली. पंधरा दिवसांत उत्तर नाही. अशा वेळी कमिटीला चौकशी थांबवता येते. नागपूरहून छापून आलेला नियम आहे."

नोटीस आली होती, हे खरं. तिथंच बाईंची जीभ जराशी अडली. कागद आला तो नेमका नातवाच्या पाचवीला. बाळाचं नशीब लिहायला सटवाईपुढं कोरा कागद अन् लेखणी ठेवावी लागते. घरात कोरा कागद कुठून असणार? या सरकारी कागदाची मागची बाजू पांढरीशुभ्र, जाडजूड. एवढ्या चांगल्या कागदावर नशीबही चांगलंच लिहिलं जाईल, असं बाईंना वाटलं. पूजा झाल्यावर तो बाळाच्या उशाखाली गेला. सटवाईनं लिहिलेलं माणसानं पाहायचं नसतं. सव्वा महिना कुणी त्याला हात लावला नाही; काल कुठं बाईंनी गावातल्या शिकलेल्या माणसाकडून तो वाचून घेतला.

"चूक माही हाय," म्हणत त्यांनी हळदीचे डाग पडलेला तो कागद टेबलावर आपटला. "पण याच्यात मांगतलं काय व्हतं, ते वाचा."

भगवंतरावांनी घसा खाकरला. "औषधाची बाटली हजर करावी."

"कोणती बाटली? पह्यल्या दिवशी तुमच्या हातात देल्ली तेच?"

बाईंनी त्यांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. बुचाला कोकिळाच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली बाटली तिथं उभी होती.

भगवंतरावांनी वळून बाटली पाहिली आणि पुन्हा कागदात शिरले. "नवा अर्ज करा. पुढच्या महिन्यात कमिटी बसेल."

"अन् तवरीक बाहेरच्या लोकाइच्या डोळ्यात औषध कोण टाकन? थोच ना?"

बाईंनी पदर खोचला, टेबलाला वळसा घातला, कपाट उघडून बाटली उचलली.

"अहो बाई, ती कमिटीच्या ताब्यात आहे!"

"ताब्यात व्हती, तं मांगत काऊन व्हते?"

दारात जाऊन त्या वळल्या आणि ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भगवंतराव, किसनरावच्या हातून चूक झाली. माह्या हातूनही झाली, मी कबूल केली. तुम्ही मात्र बाटली पाठीशी ठेवून समजून-उमजून केलं. तुम्ही त्याच्याहून वाईट. आता मी हे बाटली घेऊन या ओट्यावर बसते. येईन त्याले सांगते, माह्या सुनेचा डोळा कसा गेला. तुमची चौकशी बंद झाली असन, माही आजपासून सुरू."