क्रोशाच्या कव्हराखालची हवा

मित्रांनो, मी एक आयोनायझर. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे: हवेत विजेचे बारीक कण सोडायचे. त्याने मन प्रसन्न होते, झोप लागते, कामाला हुरूप येतो, असे माझ्या खोक्यावर छापले होते. खरेखोटे मला माहीत नाही. मी यंत्र आहे, मला झोप लागत नाही.

चौऱ्याऐंशी साली चंद्रप्रकाशने मला मस्कतहून बोरीवलीला आणले, आपल्या आईसाठी. नवरा गेल्यापासून जानकीबाईंची झोप उडाली होती. रजा संपवून मुलगा परत गेला आणि बाईंनी रेडिओला, मिक्सरला होते तसे क्रोशाचे कव्हर माझ्यासाठीही विणले. जाड दोऱ्याचे, आतून अस्तर लावलेले. धूळ बसू नये म्हणून. माझा जीव गुदमरला, पण इतक्या मायेने घातलेल्या कपड्याला नाही कसे म्हणायचे?

मजल्यावरच्या बायकांना माझे भारी कौतुक. रोज संध्याकाळी सोनूबाई, मालन आणि आणखी दोघीतिघी निवडायची भाजी घेऊन माझ्यासमोर बसू लागल्या. सोनूबाई म्हणायच्या, "जानकी, तुझ्या मशीनीची हवा लागली काय डोक्यावरचो भार उतरता गो." जानकीबाई हसायच्या, पोटभर जेवायच्या आणि रात्री चक्क घोरायच्या. मीही फुशारलो.

पुढच्या रजेत चंद्रप्रकाश आला. भरल्या घरात त्याने माझे कव्हर उचलले आणि पोट धरून हसला. "आई, जाळीच बंद केलीस ना! एक कण बाहेर आला नसेल. तुम्ही सगळ्या कसली हवा खात होता?"

मनाने तो वाईट नव्हता. पण इमारतभर थट्टा झाली, बायका ओशाळल्या आणि एकेक करून यायच्या बंद झाल्या. तोही निघून गेला.

आता मी उघडा आहे. दिवसभर मोकळी हवा सोडतो. बाई माझ्यासमोर एकट्याच मेथी निवडतात आणि रात्रभर कूस बदलत राहतात. मलाही फार एकटे वाटते.

काल त्यांनी कपाटातले कव्हर काढले, झटकले आणि पुन्हा माझ्यावर घातले. मग दार सताड उघडून बसल्या.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. त्या दारावरून जाल तेव्हा आत या. हवा खायला आलो, एवढेच म्हणा.