रविवारी येणारा फोन

माझे थोरले दीर, कुगन अण्णा, टोरंटोत अचानक गेले. इकडे सिडनीत अम्मांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हे ऐकून त्याही जातील, या भीतीनं साऱ्या गोतावळ्यानं तोंडाला कुलूप लावलं. माझा नवरा निमलन तर दर रविवारी गॅरेजमधल्या गाडीत बसून हुबेहूब अण्णांच्या आवाजात अम्मांना फोन करू लागला. "अम्मा, जेवलीस का? इकडे बर्फ पडतोय बघ."

मला हे मुळीच पटत नव्हतं. मी सामोआ बेटांवरची. आम्ही आमची माणसं दारासमोरच पुरतो, येता-जाता त्यांच्याशी बोलतो. त्यांच्या नावानं थापा मारत नाही.

"तू यात पडू नकोस, सीना," निमलन म्हणायचा. "तुला दुसरी सासू मिळेल एक वेळ, मला आई मिळायची नाही."

त्या रविवारी तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून इडिअप्पम, तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, खात होता. त्याचा मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावलेला. तेवढ्यात अम्मांच्या खोलीतला फोन वाजला.

"बोल, कुगन," अम्मा म्हणाल्या.

निमलनचा घास हातातच राहिला.

"तुझ्या चुलतभावांपैकी कुणी असेल," मी हळूच म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तो आवाज दुसऱ्या कुणालाच जमत नव्हता.

मी दाराशी जाऊन कान दिला. अम्मा बोलत कमी होत्या, ऐकत जास्त होत्या. "कधी रे?... फार दुखलं का?... जवळ कोण होतं?"

फोन ठेवून त्या न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ पाणी पडत राहिलं. बाहेर आल्या त्या डोक्यावरून पाणी घेऊन, केस मोकळे, निथळत.

"अम्मा, सर्दी होईल गं," निमलन म्हणाला. सवयीनं अण्णांच्याच आवाजात.

"पुरे कर, तंबी," त्या धाकट्या लेकाला नेहमीच्या हाकेनं म्हणाल्या. "सगळे रडून मोकळे झालात. त्याची बायको रडली, मित्र रडले, तूही गाडीत बसून रडत असशील. आई तेवढी रडायची राहिली. म्हणून अडकून पडलाय तो, निघता येत नाही म्हणतो."

मग जमिनीवर बसून, छाती पिटत, त्या सुरात रडू लागल्या. निमलन डॉक्टरांना बोलवायला उठला, मी त्याला हात धरून खाली बसवलं. अम्मांच्या गळ्यात हात टाकून मीही रडले.

संध्याकाळी त्या एकाएकी थांबल्या. दाराकडे बघत राहिल्या.

"गेला," म्हणाल्या.