कोंबडीत गूळ

दसरा झाला आणि अनिता तापाने पडली. सुरुवातीला तिने गोळ्या घेऊन रेटलं. रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या तिच्या दोन खोल्यांमधून धाटावच्या कंपन्यांमधल्या माणसांचे डबे रोजच्यासारखे वेळेवर बाहेर पडले. मग एका सकाळी चपात्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शेजारच्यांनी तिला रिक्षात घालून पूल ओलांडून रोह्याच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला.

पुण्याला नर्सिंग शिकणारी तिची मुलगी अपेक्षा धावत आली, दवाखान्यात आईजवळ राहिली, पण परीक्षा तोंडावर होती. अनिताला घरी आणून सोडल्यावर तिला परत जावं लागलं. जाण्याआधी तिने आजीला बोलावून घेतलं.

अनिताची आई, गिरजाबाई, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. उभा जन्म मिठागरावर राबलेली बाई. लेक आजारी म्हटल्यावर ती हातातलं काम टाकून आली. पण नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी चुलीपुढे, गॅसपुढे उभं राहायचं नाही म्हणून बजावलेलं. तरी पहिल्याच दिवशी ती भात टाकायला उठली. अनिताने अंथरुणातूनच ओरडून तिला बसवलं.

"मंग जेवशील काय गो?" गिरजाबाई चिडली.

"भूकच नाय मला."

ते खरंच होतं. शेजारीण पेज आणून द्यायची. अनिता दोन घोट घ्यायची आणि वाटी बाजूला सरकवायची. तोंड कडू जहर झालेलं. डॉक्टर म्हणत होते, खाल्लं नाहीस तर ताकद येणार कुठून? पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. नवरा गेल्यापासून हे डबेच तिचा संसार होते. डबा बंद पडला तर माणसं किती दिवस थांबणार? जेवण कोणालाच चुकत नाही. माणसं दुसरीकडे जाणारच, आणि त्यांना बोल तरी कसा लावायचा?

रविवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. गिरजाबाईने दार उघडलं. बाहेर ऋत्विक उभा होता, हातात दोन पिशव्या.

ऋत्विक धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. तिशीचा, चिपळूणकडचा, शिफ्ट संपली की खोलीवर जाणारा, फारसं न बोलणारा. अनिताचा त्याच्यावर थोडा रागच होता. डबा लावल्यापासून त्याच्या डब्यातली भाजी निम्मी परत यायची. चपात्या संपलेल्या, भात संपलेला, भाजी तशीच. 'नाकं मुरडणारा दिसतो,' असं ती अपेक्षाला म्हणालीही होती. त्यामुळे त्याला दारात बघून ती पलंगावर उठून बसली आणि जरा कोरडेपणानेच म्हणाली, "डबे अजून सुरू नाही झाले रे. तुम्ही तोवर दुसरीकडे बघा कुठे."

"डब्यासाठी नाही आलो, काकू." तो चप्पल काढून आत आला आणि तसाच उभा राहिला. "आज मी करतो म्हटलं जेवण. तुमच्यासाठी. म्हणजे, चालेल ना?"

आपल्या ओट्यापुढे परका माणूस, तोही पुरुष, ही कल्पनाच अनिताला सोसेना. पण गिरजाबाईने तिला बोलायला वेळच दिला नाही. "चालंल, चालंल. ये रं बाला. काय आनलंस?"

"चिकन. बिनहाडाचं."

"आन मंग. कधीची पेज बघतंय मी."

आतून आवाज येऊ लागले. नळ, सुरी, डबे उघडल्याचे आवाज. तो दर मिनिटाला विचारत होता. "काकू, मिरपूड कुठंय?" "काकू, पसरट भांडं आहे का एखादं? सगळं एकातच करायचंय." अनिता पडल्या जागेवरून सांगत होती. उसळीची मोठी पसरट कढई त्याने खाली काढली, तेव्हा फळीवरचा झारा खणकन पडला आणि तिने डोळे मिटून घेतले.

मग तेलात चिकन पडल्याचा चर्र आवाज आला. पाठोपाठ लसणाचा वास, कांद्याचा वास. तिच्या लक्षात आलं की आपण तो वास घेतोय. इतक्या दिवसांत मळमळल्याशिवाय घेतलेला हा पहिला वास.

तिला राहवेना. भिंतीला धरत ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. ऋत्विकने चिकनचे तुकडे लालसर परतून ताटलीत काढून ठेवले होते. कढईत कांदा, आलं-लसूण, ढोबळी मिरची. आणि तो त्यात गूळ किसत होता.

"अरे, काय करतोस? कोंबडीत गूळ?"

तो दचकला. "थोडाच, काकू. आणि चिंचेचा कोळ. मोबाईलवर बघितलेलं, त्यात मध होता. मध नव्हता म्हणून मी गूळ घातला, तेव्हापासून गूळच घालतो. आंबट-गोड होतं. मला एवढं एकच नीट जमतं."

"आणि मसाला? तिखट?"

त्याने कढईतला गूळ डावाने ढवळला. मग हळूच म्हणाला, "तिखट मला झेपत नाही, काकू. पोटात आग पडते. तुमची भाजी परत पाठवायचो ना, ती त्यामुळे. चवीला छान असायची. पण सांगायची लाज वाटली. एवढा मोठा माणूस आणि तिखट लागतं म्हणून सांगायचं…"

अनिताला हसू आलं. आजारपणात हसण्याचीही सवय गेली होती. छाती दुखली तरी ती हसली. "अरे वेड्या, एक शब्द बोलला असतास तर वेगळी काढली असती!"

गिरजाबाईने खुर्ची आणून दारात ठेवली. अनिता तिथेच बसली. ऋत्विकने धुतलेला तांदूळ कढईत घातला, गूळ-चिंचेच्या त्या रसात परतला, पाणी ओतलं, वर चिकन पसरलं आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळाने खालून लागल्याचा वास सुटला. त्याने घाईने झाकण काढून डाव घातला.

"हलवू नको!" अनिता म्हणाली. "भात मोडेल. गुळाचं आहे, लवकर लागतं. खाली तवा ठेव आणि गॅस अगदी बारीक कर. आता हात लावू नको."

त्याने तसं केलं. दोघंही झाकणाकडे बघत बसले. गिरजाबाईने मधेच झाकण उचलून बोटावर दोन शितं घेतली आणि जाहीर केलं, "मीठ कमी हाय." मिठागरावरच्या बाईशी वाद कोण घालणार? ऋत्विकने मिठाचं पाणी करून वरून शिंपडलं.

भात झाला. त्याने ताट घेतलं, वाढलं, वर कोथिंबीर टाकली, लिंबाची फोड ठेवली आणि ताट अनिताच्या हातात दिलं.

"आधी तू घे. आईला वाढ," ती सवयीने म्हणाली.

"आम्ही घेतो, काकू. तुम्ही आधी गरम खा."

ताट मांडीवर घेऊन ती बसून राहिली. वाफ तोंडावर येत होती. आपण कधी शेवटचं असं जेवलो, हे तिला आठवेना. रोज सगळ्यांचे डबे गेले की ओटा पुसायचा आणि पातेल्यात जे उरलं असेल ते उभ्या उभ्या खायचं, गार. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आता कोणीतरी आपल्यासाठी भाजीवाल्याकडे गेलं होतं, कांदा चिरला होता, लिंबाची फोड आठवणीने ठेवली होती. तिने घाईने घास घेतला.

आधी गोड लागलं. मग आंबट, मग मिरपुडीची हलकी चुणचुण, मग कोंबडीची खारी चव. जिभेवरचा कडूपणा त्याखाली कुठे गेला कळलंच नाही.

"बरं झालंय का?" ऋत्विक अजून डाव घेऊन उभाच होता.

तिने मान हलवली. दुसऱ्या घासानंतर म्हणाली, "कढईला खाली खरवड धरली असेल. ती मला काढून दे."

गिरजाबाईने पदराने डोळे टिपले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येतंच, असं ती नंतर म्हणाली.

जेवताना ऋत्विकने सांगितलं. तिच्याकडे डबा लावलेल्या सगळ्यांचं आपसात बोलणं झालं होतं. दुसरीकडे डबा कोणीच लावला नव्हता. कोणी वडापाव खात होतं, कोणी कॅन्टीनमध्ये. आता रोज संध्याकाळी एकेकाने यायचं ठरलं होतं. "उद्या निलेश येतोय. त्याला फक्त खिचडी येते. सांभाळून घ्या."

निलेशची खिचडी पातळ झाली. त्यानंतर एकाने ऑम्लेट केलं, एकाला काहीच येत नव्हतं म्हणून तो पपई आणि शहाळी घेऊन आला आणि गिरजाबाईशी गप्पा मारत बसला. अनिता सगळं खात गेली. दिवाळीच्या आधी तिच्या अंगात एवढी ताकद आली की ती आईला सोडायला पूल ओलांडून रोह्याच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेली.

पेणची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून गिरजाबाई मागे वळली.

"त्या पोरांना माझं सांगनं सांग गो. म्हनावं, म्हातारी बोलली, बरं केलंत. लई बरं केलंत."

"सांगते," अनिता म्हणाली. मग गाडी सुटेपर्यंत ती खिडकीखाली आईचा हात धरून उभी राहिली.