टाचेतला तुकडा

सालेहाने सुईचं टोक स्टोव्हच्या ज्योतीवर तापवलं आणि नवऱ्याची टाच मांडीवर ओढून घेतली. खलील रियाधहून रजेवर आल्यापासून लंगडत होता. गोदामाच्या आवारात खजुराचा काटा मोडला, असं त्यानंच सांगितलं होतं.

"हलू नका हां."

"लवकर काढ. रात्री विमान हाय."

या खेपेला त्याच्यासोबत तिचा भाऊ फखरुद्दीन निघाला होता. कामतघरच्या लूमवर सुताची धूळ छातीत जाऊन त्याला दमा जडला होता. रियाधच्या कोरड्या हवेत पोरगा सुधारेल म्हणून सालेहाने नवऱ्यामागे धोशा लावला होता. खलील आजवर टाळत आला, या वेळी मात्र आपणहून तयार झाला. बाहेरच्या खोलीत फखरू शिट्टी वाजवत बॅग भरत होता.

सुईला एक तुकडा लागला. तिने तो बशीत ठेवला. काळा-जांभळा, ठिसूळ, आतून पोकळ, अंगावर बारीक कडी. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सालेहाला तो ओळखीचा वाटला. पोवळ्यांच्या खडकांत राहणाऱ्या सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचा काटा प्रयोगशाळेच्या बरणीत ती दरवर्षी मुलांना दाखवायची. पण छे, कसं शक्य आहे? तिने बशीत लिंबू पिळलं. खजुराचा काटा म्हणजे लाकूड, ते ढिम्म पडून राहील. सी-अर्चिनचा काटा मात्र चुन्याचा असतो, आंबटात फसफसतो.

तुकड्यावर बुडबुडे आले.

रियाधला समुद्रच नाही.

"किती खोल उतरता?"

खलीलने बशीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"हळू बोल. जेद्दाच्या बाजूला बोटीवर हाय मी. बुडी मारून शंख काढतो. परत गेलो न्हाय, तर मालकाकडं माझा जामीन राहिलेला जोडीदार अडकंल. बदली माणूस नेला, तर दोघं सुटतो."

"फखरूला दमा आहे."

"ठाऊक हाय."

सालेहाला त्याचा भयंकर संताप आला, आणि त्याच दमात कीवही आली.

"दुल्हाभाई," बाहेरून फखरूने विचारलं, "तिथं स्वेटर लागंल का?"

"नाही लागणार," सालेहाच म्हणाली. "बॅग रिकामी कर. तू जात नाहीस."

"का गं, आपा?"

टाचेत अजून एक तुकडा राहिला होता, आणि तो निघाल्याशिवाय जोडीदारासाठी परत जाणाऱ्या खलीलला पाण्यात उतरता आलं नसतं. तिने सुई पुन्हा ज्योतीवर धरली.

खलीलने पाय पुढे केला.