रजयांनी भरलेली बंदुकीची तिजोरी

मी एक जुनी लोखंडी तिजोरी आहे. हसू नका मित्रांनो, पण कागदोपत्री मी बंदुकीची तिजोरी आहे! शस्त्र घरात ठेवायचं तर कुलपात ठेवायचं, असा कायदा झाला म्हणून माझा जन्म झाला. माझं दार बसवताना कारागीर म्हणाला होता, "हे कुणाच्या बापाच्याने फुटायचं नाही." केवढी फुगले होते मी!

मला एका शिंप्याने घेतलं. गल्लीत चोऱ्या होतात असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याने पिस्तूल घेतलं आणि परवाना मिळावा म्हणून मला. पण पिस्तूल ठेवलं कुठे? शिलाई मशीनच्या खणात, रिळांशेजारी, तेही भरलेलं! माझ्यात कोंबल्या रजया.

बायको कितीदा तरी म्हणायची, "अहो, तिजोरी काय शोभेला आणलीय? ठेवा ना कुलपात!"

"अगं, चोर आला तर त्याला काय सांगू? थांब बाबा, किल्ली शोधतो?"

आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचा मेला.

तपासणी व्हायची बरं का! परवान्याचे साहेब आदल्या दिवशी फोन करायचे, "उद्या येतोय हं." की रजया पलंगावर, पिस्तूल माझ्यात. साहेब चहा प्यायचे, मला थोपटून म्हणायचे, "वा, मजबूत आहे!" त्यांची पाठ वळली की रजया पुन्हा आत. चुलीत घाला असली शाबासकी!

त्या घरात चोर कधीच आला नाही. आली ती त्यांची मुलगी. परगावी नर्स होती. आईबाबांना चकित करायचं म्हणून न कळवता, भर दुपारी मागच्या दाराने आली. आई बाजारात गेली होती. बाप मशीनवर मान टाकून पेंगत होता. कडी वाजताच दचकला आणि त्याचा हात खणात गेला. 'कोण आहे?' एवढंही त्याने विचारलं नाही. गोळी सुटल्यावर आवाज आला, "बाबा, मी आहे."

ती वाचली नाही. मी पाच हातांच्या अंतरावर उभी होते, रजया पोटात घेऊन.

कायदा आणखी कडक झाला. आता दोन कुलपं लागतात. शेजाऱ्याने मला विकत घेऊन दुसरं कुलूप ठोकलं आणि नवं पिस्तूल आणलं. म्हणतो, "तो वेंधळा होता. माझं तसं नाही."

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा गंज काढू नका. मी लोखंडाची आहे, मला काय होतंय? या शेजाऱ्याची सून तान्ह्या बाळाला घेऊन परवा माहेरून येतेय. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल, तर पाया पडते, तिला सांगा: आधी माझं दार उघडून बघ. आत सासऱ्याचे बूट आहेत.